ध्येय आणि अदमास : पंडित माधवराव सप्रे यांची वाटचाल

कोणत्याही संस्थेचा सुवर्णमहोत्सव आला म्हणजे दोन प्रकारची भाषणे हमखास ऐकावयास मिळतात. एकात गत पन्नास वर्षांचा गौरव असतो, दुसऱ्यात आगामी पन्नास वर्षांची भव्य स्वप्ने. आज आपल्यापाशी माणसे किती, पैसा किती, उत्साह किती आणि एवढ्या सामग्रीतून उद्या सकाळी नेमके कोणते काम हाती घेता येईल, याविषयी व्यासपीठावर सहसा कोणी बोलत नाही. तो विषय कार्यकारिणीच्या सभेकडे सोपविलेला असतो, आणि त्या सभेला गणपूर्ती होत नाही!

सरकारी कचेरीत ज्याची तीसएक वर्षे गेली आहेत, त्याला उद्दिष्टांचे दोन नमुने तोंडपाठ असतात. एक वरून येतो. तो ठरविणाऱ्याने खालचे काम बहुधा पाहिलेले नसते. त्यामुळे आकडा डोळे दिपविणारा असतो आणि वर्षअखेरीस तो का साधला नाही याचा खुलासा त्याहून लांब असतो. दुसरा नमुना खालून वर जातो. गेल्या वर्षीच्या आकड्यात पाच-दहा टक्के मिळविले की तो तयार होतो. पहिल्याला पायाखाली जमीन नाही. दुसऱ्याला जमीन आहे, परंतु कोठे जावयाचे याचा पत्ता नाही. आपले स्वप्न आणि आजची वस्तुस्थिती या दोहोंमधील अंतर प्रामाणिकपणे मोजावे, आणि त्यांपैकी आपल्या बळाने ओलांडता येईल तेवढ्या टप्प्याला ध्येय म्हणावे, ही तिसरी रीत. ती सांगावयास सोपी आणि आचरावयास कठीण आहे. ती कशी आचरली जाते, कधी चुकते आणि चुकल्यावर पुन्हा कशी सावरली जाते, हे पाहावयाचे असेल तर दूर जाण्याचे कारण नाही. ज्यांच्या हयातीचा महत्त्वाचा भाग आपल्या जबलपूरशी जोडलेला आहे, त्या पंडित माधवराव सप्रे यांचे चरित्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे.

हिंदी साहित्याच्या विद्यार्थ्याला सप्रे यांचे नाव नवे नाही. मराठी वाचकांना मात्र ते फारसे परिचित नसते, आणि ही गोष्ट खेदाची आहे. १७८१ मध्ये गढा-मंडल्याचे गोंड राज्य सागरच्या मराठ्यांच्या हाती आले. पुढे हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ च्या अखेरीस इंग्रजांनी जबलपूर घेतले. राज्ये गेली, परंतु कारकुनी, वकिली, शिक्षकी आणि नंतर रेल्वे यांच्या आश्रयाने मराठी कुटुंबे या नर्मदाकाठी व भोवतालच्या जिल्ह्यांत राहिली, वाढली. अशाच एका साध्या कुटुंबात १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी माधवरावांचा जन्म झाला. प्राथमिक व माध्यमिक शिक्षण बिलासपूर-रायपूरकडे झाले, महाविद्यालयीन शिक्षणाचा काही काळ येथील रॉबर्टसन कॉलेजात गेला, आणि शतक संपत आले असता त्यांनी कलकत्ता विद्यापीठाची बी. ए. पदवी मिळविली. त्या काळी मध्य प्रांतातील पदवीधराला सरकारी नोकरी शोधावी लागत नसे, नोकरीच त्याला शोधीत येई. माधवरावांकडेही ती आली. त्यांनी ती नाकारली आणि पेंड्रा येथील राजकुमाराचे शिक्षक होणे पत्करले.

पेंड्रा म्हणजे बिलासपूर जिल्ह्यातील वनप्रदेशातली एक जमीनदारी. पदवीधराने असे आडगाव का निवडावे, असे त्यांच्या आप्तांना वाटले असल्यास नवल नाही. माधवरावांच्या मनात मात्र एक स्वप्न होते. केसरीने महाराष्ट्रात जी जागृती केली, तशी हिंदी बोलणाऱ्या या प्रांतात झाली पाहिजे. लोकांना लोकांच्या भाषेत ज्ञान मिळाले पाहिजे. आता वस्तुस्थितीकडे पाहावे. छत्तीसगडात त्या वेळी एकही नियतकालिक नव्हते. साक्षर माणूस विरळा. पेंड्र्याला छापखाना असण्याचा प्रश्नच नव्हता. त्यातून १८९६-९७ चा दुष्काळ उलटतो न उलटतो तोच १८९९-१९०० चा महाभयंकर दुष्काळ मध्य प्रांतावर कोसळला. उत्तरेत व राजस्थानात ज्याला ‘छप्पनिया’ म्हणून अद्याप आठवतात, तोच हा दुष्काळ. माणसे अन्नाला महाग झालेल्या त्या वर्षी, जानेवारी १९०० मध्ये, ‘छत्तीसगढ मित्र’ नावाचे हिंदी मासिक निघाले.

हे अविचाराचे साहस होते काय? प्रस्तुत लेखकाला तसे वाटत नाही. माधवरावांनी केसरीसारखे साप्ताहिक काढण्याचा हट्ट धरला नाही; महिन्यातून एकदा निघणारे मासिक काढले. एकट्याने भार उचलला नाही. रामराव चिंचोलकर संपादनात आणि वामन बळीराम लाखे प्रकाशनात सोबत होते. वाचकांनी ध्यानात घ्यावे की हिंदी मासिक काढणारे हे तिघेही मराठी. छपाई आरंभी रायपूरला व पुढे नागपूरला होई. म्हणजे मजकूर एका गावी तयार होणार, छापला जाणार दुसऱ्या गावी, आणि वर्गणीदार तिसरीकडे विखुरलेले. परंतु बिलासपूर-कटनी लोहमार्ग पेंड्र्याच्या जवळून गेलेला होता आणि टपाल पोहोचत होते. जे होते त्याच्या आधारावर जे नव्हते ते उभे करण्याचा हा प्रयत्न होता.

योगायोग असा की, त्याच जानेवारी १९०० मध्ये प्रयागहून ‘सरस्वती’ हे सुप्रसिद्ध हिंदी मासिक सुरू झाले. सरस्वतीच्या पाठीशी चिंतामणी घोष यांचा इंडियन प्रेस होता. भांडवल होते, यंत्रे होती, काशीच्या विद्वानांचे साहाय्य होते. सरस्वती अनेक दशके चालली. छत्तीसगढ मित्र तीन वर्षे चालून डिसेंबर १९०२ मध्ये तोट्यापायी बंद पडला. दोन्ही मासिकांमागील स्वप्न एकाच जातीचे होते. पायाखालची जमीन निराळी होती. तथापि या तीन वर्षांत मित्राने जे केले ते थोडे नव्हे. नव्या पुस्तकांची निर्भीड व तपशीलवार परीक्षणे हिंदीत नियमाने लिहिण्याची प्रथा त्याने पाडली. माधवरावांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही लघुकथा १९०१ मध्ये त्यातच आली. एका गरीब विधवेची झोपडी बळकावू पाहणाऱ्या जमीनदाराची ती गोष्ट हिंदीतील पहिली लघुकथा होय, असे अनेक अभ्यासक मानतात. (पहिली कोणती हा वाद हिंदीत चालू असतो, आपणास त्यात पडण्याचे कारण नाही. लेखक जमीनदाराच्याच गावी राहून, त्याच्या मुलाला शिकवून आलेला आहे, ही गोष्ट मात्र कथा वाचताना ध्यानात ठेवावी.)

मासिक बंद पडल्यावर सामान्य माणूस एक तर स्वप्न सोडतो किंवा तेच काम तसेच पुन्हा करू पाहतो. माधवरावांनी दोन्ही केले नाही. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने शास्त्रीय परिभाषेचा कोश हाती घेतला होता. त्यातील अर्थशास्त्राचा भाग त्यांनी पत्करला. वरवर पाहता हे काम वृत्तपत्राच्या स्वप्नापासून दूरचे वाटते. परंतु विचार केला असता असे दिसते की, देशाची संपत्ती कोठे जाते हे हिंदी वाचकाला सांगावयाचे तर भांडवल, विनिमय, मजुरी यांना प्रथम हिंदीत शब्द हवेत. शब्दच नसतील तर अग्रलेख कशाने लिहावयाचा? पुलाचा खांब बसत नाही असे दिसले, तेव्हा हा मनुष्य खाली उतरून तळाचा खडक तपासू लागला.

त्यानंतर त्यांनी जागा बदलली. पेंड्र्याला जे नव्हते ते नागपूरला होते : छापखाने, वाचक, राजकीय चळवळ आणि लोकमान्य टिळकांचे अनुयायी. १९०६ मध्ये तेथून त्यांनी ‘हिंदी ग्रंथमाला’ काढली. तिच्यातील स्वदेशी व बहिष्कार या विषयावरील पुस्तिका पुढे सरकारने जप्त केली, यावरून ती वाचली जात होती हे उघड आहे. मग १३ एप्रिल १९०७ रोजी लोकमान्यांच्या संमतीने ‘हिंदी केसरी’ सुरू झाला. पेंड्र्यात पाहिलेले स्वप्न सात वर्षांनी, टप्प्याटप्प्याने, प्रत्यक्षात आले. १९०८ मध्ये हिंदी केसरीने राष्ट्रीय आंदोलन व बहिष्कार या विषयावर एक निबंधस्पर्धा ठेवली. तीत पहिला आलेला निबंध एकोणीस वर्षांच्या एका तरुण शाळामास्तराचा होता. त्याचे नाव माखनलाल चतुर्वेदी. हे नाव पुढे पुन्हा येईल.

या वाटचालीत एका गोष्टीचा अदमास मात्र चुकला. बाहेरची परिस्थिती माधवरावांनी नीट जोखली होती. घरातली जोखावयाची राहिली. जून १९०८ मध्ये लोकमान्यांना अटक झाली, जुलैत सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि २२ ऑगस्ट रोजी राजद्रोहाच्या कलमाखाली माधवरावांना पकडण्यात आले. देशसेवकचे संपादक अच्युतराव कोल्हटकर हेही त्याच सुमारास पकडले गेले. तुरुंग सोसण्याची माधवरावांची स्वतःची तयारी होती. परंतु वडीलबंधूंनी टोकाची गळ घातली. क्षमापत्र न दिल्यास आपण जीव देऊ असे त्यांनी निर्वाणीचे सांगितले, असा वृत्तांत चरित्रकार देतात. माधवरावांनी क्षमापत्रावर सही केली आणि त्यांची सुटका झाली.

या प्रसंगावर आरामखुर्चीत बसून निर्णय देणे शोभत नाही. ज्या मोठ्या भावाला वडिलांच्या ठिकाणी मानावे, त्याने प्राणांची भाषा केल्यावर एकत्र कुटुंबातील धाकट्या भावाने काय करावे, याचे उत्तर ज्याचे त्याने आपल्या घराकडे पाहून द्यावे. त्या काळच्या सहकाऱ्यांनी मात्र फारशी दया दाखविली नाही. जो मनुष्य काल निर्भयपणाचे धडे देत होता, तो आज तोंड दाखवावयास जागा नाही अशा अवस्थेत आला. आणि सर्वांत कठोर शिक्षा त्याने स्वतःच स्वतःला दिली. सार्वजनिक जीवनातून ते बाजूस झाले. वर्ध्यानजीकच्या हनुमानगडावर श्रीधर विष्णु परांजपे यांच्या सान्निध्यात राहून मधुकरी मागावी आणि समर्थांच्या दासबोधाचे मनन करावे, असा क्रम त्यांनी धरला.

समर्थांचा दासबोध हा वैराग्याचा ग्रंथ आहे तसाच तो यत्नाचा, सावधपणाचा आणि प्रसंग ओळखण्याचाही ग्रंथ आहे, हे मराठी वाचकांस सांगणे नलगे. त्या मठात माधवरावांनी स्वतःचीही झाडाझडती घेतली असली पाहिजे, कारण तेथून परतलेला मनुष्य निराळा दिसतो. हिंदीची सेवा व देशाची सेवा हे स्वप्न तेच होते. परंतु पुढच्या फळीत उभे राहून आपल्या नावाने झेंडा नाचविणे त्यांनी कायमचे सोडून दिले. ज्या मनुष्याची एक बाजू जगाला कळून चुकली आहे, त्याच्या हातून कोणते काम उत्तम होईल? ग्रंथ आणि माणसे तयार करणे. पुढील अठरा वर्षे त्यांनी हेच केले. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातील ध्येयनिश्चितीचा हा सर्वांत थोर क्षण होय. हिंदी केसरीचा आरंभ त्यामानाने सोपा होता.

प्रथम त्यांनी दासबोध हिंदीत आणला. १९१२ मध्ये रायपूरला मुलींसाठी जानकीदेवी पाठशाळा काढली. १९१५ मध्ये लोकमान्यांचे गीतारहस्य मराठीत प्रसिद्ध झाले आणि लगेच पुढच्या वर्षी, १९१६ मध्ये, माधवरावांनी केलेला त्याचा हिंदी अनुवाद बाहेर पडला. ज्याने गीतारहस्याचा एक अध्याय तरी नीट वाचला आहे, त्याला एवढा प्रचंड आणि पारिभाषिक शब्दांनी गच्च भरलेला ग्रंथ इतक्या थोड्या अवधीत दुसऱ्या भाषेत नेणे म्हणजे काय, हे समजेल. सारा हिंदी मुलूख लोकमान्यांची गीता आज जी वाचतो, ती माधवरावांच्या शब्दांत वाचतो. चिंतामणराव वैद्य यांच्या महाभारतविषयक ग्रंथाचा हिंदी अवतारही त्यांनीच सिद्ध केला.

त्याच १९१६ साली हिंदी साहित्य संमेलनाचे सातवे अधिवेशन आपल्या जबलपुरात भरले. शिक्षणाचे माध्यम देशी भाषा असाव्यात, असा ठराव माधवरावांनी त्यात मांडला. ठराव कोणीही मांडू शकतो. देशी भाषेत शिकवावयाचे तर पुस्तके, परिभाषा आणि व्याकरण हाताशी लागते, हे मात्र ठराव मांडणाऱ्यांपैकी थोड्यांच्याच ध्यानात येते. माधवरावांनी परिभाषेचे काम आधीच करून ठेवले होते. व्याकरणाची कथा तर मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशी आहे. पंडित कामताप्रसाद गुरु हे सागरचे आणि पुढे जबलपूरचे. छत्तीसगढ मित्रात लिहू लागलेल्यांपैकी एक. हिंदीचे सर्वांगपूर्ण व्याकरण रचण्याचे काम नागरी प्रचारिणी सभेने त्यांच्याकडे सोपविले, ते महावीरप्रसाद द्विवेदी व माधवराव सप्रे यांच्या आग्रहावरून. गुरुजींनी आपल्या ग्रंथासाठी जो आधार घेतला तो मुख्यतः मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या १९११ च्या ग्रंथाचा, आणि ते ऋण त्यांनी मोकळेपणाने मान्य केले आहे. १९२० मध्ये सिद्ध झालेले ते ‘हिंदी व्याकरण’ अद्याप प्रमाण मानले जाते. दामले पुण्याकडचे, गुरु जबलपूरचे, आणि या कामासाठी आग्रह धरणारा मराठी घरात जन्मलेला हिंदी लेखक. एका भाषेत जे तयार आहे ते दुसऱ्या भाषेत जे नाही तेथपर्यंत नेऊन पोहोचविणे, हे काम दोन्ही भाषा घरच्या असलेल्या माणसालाच जमते.

येथे थोडे विषयांतर करतो. बृहन्महाराष्ट्रातील आपल्या मंडळांतून वर्षानुवर्षे मराठी शाळेची, मराठी वसतिगृहाची, अखिल भारतीय संमेलनाची स्वप्ने रंगविली जातात. स्वप्ने वाईट नाहीत. परंतु आपली नातवंडे घरात हिंदी बोलतात, शाळेत इंग्रजी शिकतात, मराठी ऐकून समजतात आणि देवनागरी असूनही मराठी पुस्तक वाचावयाचे म्हटले की बिचकतात, ही वस्तुस्थिती आपण कागदावर मांडली आहे काय? मराठी वाचू शकणारी, पंधरा वर्षांखालील मुले आपल्या सभासदांच्या घरात किती, असा प्रश्न कार्यकारिणीला विचारला तर उत्तरादाखल आकडा मिळेल की आठवणी मिळतील? माधवराव मंडळाचे चिटणीस असते तर त्यांनी आधी ही मोजदाद केली असती, असे वाटते. आणि ती मुले दोन भाषांत वावरतात या गोष्टीत त्यांना अडचणीइतकेच भांडवलही दिसले असते.

असो. आता माखनलालांकडे वळतो. निबंधस्पर्धेत चमकलेला तो तरुण आता खांडव्याला शिक्षकी करून व ‘प्रभा’ मासिकाचे संपादन करून तयार झाला होता. महायुद्ध संपलेले, रौलट कायदा व जालियनवाला बाग यांनी देश पेटलेला, आणि गांधीयुग उंबरठ्यावर आलेले. मध्य प्रांताच्या हिंदी भागाला स्वतःचे निर्भय साप्ताहिक हवे होते. माधवरावांना ते चालविता आले असते. अनुभव त्यांच्याइतका दुसऱ्या कोणाचा नव्हता. परंतु त्यांनी व विष्णुदत्त शुक्ल यांनी मागे उभे राहून संपादकाची खुर्ची माखनलालांना दिली. १७ जानेवारी १९२० रोजी जबलपूरहून ‘कर्मवीर’ निघाला. लक्ष्मणसिंह चौहान हे त्याच्या संपादनात साहाय्य करीत. त्यांच्या पत्नी सुभद्राकुमारी चौहान यांची ओळख जबलपूरकरांस करून देण्याची आवश्यकता नाही. त्याच वर्षी येथे राष्ट्रीय हिंदी मंदिराची स्थापना झाली आणि सेठ गोविंददास यांच्या आश्रयाने ‘श्रीशारदा’ मासिक सुरू झाले. या खटपटीतही माधवरावांचा हात होता.

पुढच्याच वर्षी, मे १९२१ मध्ये, माखनलालांना राजद्रोहाखाली अटक झाली. बिलासपूरच्या भाषणाबद्दल त्यांना शिक्षा झाली आणि ते तुरुंगात गेले. त्यांनी क्षमा मागितली नाही. १९०८ साली जे आपल्याकडून झाले नाही ते १९२१ साली आपल्या हाताखाली वाढलेल्या माणसाकडून झाले, तेव्हा माधवरावांच्या मनाला काय वाटले असेल, हे वाचकांनीच कल्पावे. मार्च १९२३ मध्ये जबलपूरच्या टाऊन हॉलवर राष्ट्रध्वज फडकला, त्यातून झेंडा सत्याग्रह नागपूरला गेला आणि देशभर गाजला. त्या सत्याग्रहातही माखनलाल आघाडीवर होते.

जबलपुरात कर्मवीरची गाडी अडखळली, आणि १९२५ मध्ये माखनलालांनी तो खांडव्याहून पुन्हा सुरू केला. तेथून तो अनेक वर्षे चालला. १९२४ साली देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद हिंदी जगताने माधवरावांना दिले. क्षमापत्राचा डाग सोळा वर्षांत धुऊन निघाला होता. प्रकृती मात्र खालावत गेली आणि २३ एप्रिल १९२६ रोजी रायपूर येथे, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. मागे संपत्ती म्हणावी असे काही नव्हते.

ज्या छत्तीसगडात एकही नियतकालिक नव्हते, ते २००० साली स्वतंत्र राज्य झाले आणि पेंड्र्याचे नाव आता तेथील एका जिल्ह्याच्या नावात आहे. भोपाळला १९८४ पासून माधवराव सप्रे यांच्या नावाचे समाचारपत्र संग्रहालय आहे. जुन्या वृत्तपत्रांच्या व नियतकालिकांच्या फायली देशभरातून गोळा करून तेथे जतन केल्या जातात, आणि संशोधक दुरून येऊन त्या चाळतात. जबलपूरहून भोपाळ म्हणजे एका रात्रीचा प्रवास. मंडळाच्या सहली भेडाघाटला दरसाल जातात. एखादी तिकडेही न्यावी, आणि सोबत मुलांना घ्यावे.